गाणारा वाडगा आणि हिचा रक्तदाब

हिच्या उजव्या डोळ्यातला मोती पिकला होता, डॉक्टर तयार होते, खाट तयार होती, मी तर सगळ्यांच्या आधी तयार होतो. गाडं अडलं होतं ते हिच्या रक्तदाबापाशी. ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळला, की यंत्रातला आकडा असा चढायचा की मला वाटायचं, आता हा यंत्रातून बाहेर पडून भिंतीवर चढणार. एकदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा परत पाठवलं. आणि घरी येऊन चहा घेतला की तोच आकडा शहाण्या पोरासारखा खाली मांडी घालून बसलेला!

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला हळूच बाजूला घेतलं. माणसाला बाजूला घेऊन आजवर कोणी चांगली बातमी दिल्याचं मला आठवत नाही.

"काका, मोती कडक होत चाललाय," ते म्हणाले. "आणखी लांबलं तर साधं काम अवघड होऊन बसेल. पुढच्या सोमवारी शेवटचा प्रयत्न करू. तेव्हाही प्रेशर असंच राहिलं, तर मोठ्या हॉस्पिटलात नेऊन पूर्ण भूल द्यावी लागेल. आणि काकूंच्या हृदयाकडे बघता मला ते नकोय."

'हृदयाकडे बघता' हे शब्द ऐकल्यावर माझं हृदय जागा सोडून घशात आलं, ते पुढचा आठवडाभर तिथेच मुक्कामाला होतं. बाहेर आलो तर ही बाकावर पर्स घट्ट धरून बसलेली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही."

"एवढा वेळ काही नाही म्हणत होते?"

"हवापाण्याचं बोलत होतो."

इथेच खरं तर मी पहिला खड्डा खणला. पण खड्डा खणताना माणसाचं तोंड खाली असतं, त्यामुळे पुढे कोण पडणार आहे ते दिसत नाही.

हिच्या डोळ्यांची थोरवी सांगायला हवी. ही रफू करते. म्हणजे साधंसुधं नाही. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक ही असं बुजवायची, की ज्यानं ती सिगारेट ओढली त्यालाही ती ओढल्याचं आठवत नसे. एका गृहस्थानं अशानं विडीकाडी कायमची सोडली. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. ते आता हयात नाहीत, पण असते तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. आणि आता त्याच बाईनं माझ्या सदऱ्याची बाही खिशाला शिवून टाकली होती. मी दोन दिवस एक हात छातीवर ठेवून हिंडलो. लोक म्हणाले, म्हातारपणी फार नम्र झालाय हो माणूस.

ते टाके उसवताना ही हसली. पण मग सुई हातात धरून बराच वेळ खिडकीकडे बघत बसली, आणि सुई आहे की नाही हे बोटानं चाचपून पाहिलं. ते मी पाहिलं. तेव्हापासून माझी झोप उडाली.

"तुला भीती वाटते का गं ऑपरेशनची?"

"मी कशाला घाबरू? यंत्रच मेलं घाबरट आहे."

आमच्या इमारतीत सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. पाणी जातं, वीज जाते, सल्ला चोवीस तास चालू. शेजारचे व्हॉल्व्हकाका त्याच संध्याकाळी आले. हे जन्मभर पाण्याच्या खात्यात होते आणि प्रेशर या विषयावर, ते कोणाचंही असो, अखेरचा शब्द आपलाच असं मानत.

"प्रेशर म्हणजे प्रेशर," ते म्हणाले. "पाइपातलं काय आणि वहिनींचं काय. लाइन कुठेतरी तुंबलीय."

"मग करायचं काय?"

"आम्ही रस्ता खणायचो."

हिनं आतून विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हणालो, "हवापाण्याचं."

तोडगा आणला तो मेहुणीनं. मेहुणीच्या ओळखीत एक फुलांच्या बाई होत्या. फुलं विकणाऱ्या नव्हेत. फुलांच्या अर्कानं आणि वाडग्यांच्या नादानं घाबरलेली मनं शांत करणाऱ्या. मेहुणीच्या साहेबाचा संताप म्हणे त्यांनी तीन थेंबांत उतरवला होता. "भाऊजी, साहेब आता मेमो देतानासुद्धा हसतो," ती म्हणाली. मला ते जास्तच भयंकर वाटलं, पण बुडत्याला काडी पुरते, मला तर अख्खं फूल मिळत होतं.

ही यायला साफ नाही म्हणाली. "फुलं फुलदाणीत घालतात, पोटात नाही." तेव्हा मी ठरवलं, आपणच जाऊन हिची हकीकत सांगावी. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हिच्या मनातलं माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

फुलांच्या बाईंची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. खाली टायरची हवा सुटायची, वर शांतता नांदायची. भिंतीवर बोटाएवढ्या बाटल्यांच्या ओळी आणि जमिनीवर पितळी-काशाचे वाडगे, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, एखादं कुटुंब फोटोला बसावं तसे. बाईंचा आवाज इतका हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागे. आणि पुढे वाकून बसलेला माणूस आपोआप अपराधी दिसतो.

"मी आधी सांगते," त्या म्हणाल्या, "बीपीची गोळी सोडायची नाही. डॉक्टर सांगतील तसंच करायचं. फुलं फक्त मनाला सोबत. आता सांगा, त्यांना कसली भीती वाटते?"

प्रश्न सोपा होता. मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. हिला पालीची भीती वाटत नाही. अंधाराची नाही. माझी तर कधीच नव्हती.

"बरं, झोप लागते?"

"छे हो! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कूस बदलून बदलून गादीला खळगा पडलाय."

"तुम्हाला कसं कळतं?"

"मी जागाच असतो ना!"

"आणि त्या?"

"ती घोरत असते."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाटल्यांकडे.

"छातीत धडधड?"

"सारखी. घशापर्यंत येते. फोन वाजला तरी दचकायला होतं. चप्पल सापडली नाही तर रडू येतं."

"त्यांना?"

"त्यांनाच. म्हणजे तिलाच. दुसऱ्या कोणाला?"

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. कारण ठाऊक असलेल्या भीतीचं एक फूल, कारण ठाऊक नसलेल्या भीतीचं दुसरं आणि दुसऱ्याच्या काळजीनं स्वतः वाळत जाणाऱ्याचं तिसरं, असे तीन बाटल्यांतले थेंब एका बाटलीत मिसळले. "हे घरात दोघांनी घ्या," त्या म्हणाल्या. 'दोघांनी'वर जरा जोर होता, पण तेव्हा मला वाटलं, औषध जास्त खपावं म्हणून असेल. शिवाय त्यांनी एक मधला वाडगा आणि लाकडी दांडा उसना दिला. "कडेनं दांडा फिरवा. नाद उठेल. तो नाद ऐकत नुसतं बसायचं. आणि एक पथ्य. सोमवारपर्यंत घरात आवाज चढवायचा नाही. मऊ बोला. त्यांना विरोध करू नका."

आता हे पथ्य दुसऱ्या एखाद्या घरात चाललं असतं. आमच्या घरात आवाज चढवणं म्हणजे बोलणं. आम्ही 'चहा झाला का' हेसुद्धा असं विचारतो, की वरच्या मजल्यावरचे लोक 'झाला' म्हणून उत्तर देतात. पण हिच्या डोळ्याचा आणि हृदयाचा प्रश्न होता. मी जिभेला गाठ मारली.

घरी आल्यावर हिनं बाटली हुंगली.

"फुलांना ब्रँडीचा वास कधीपासून यायला लागला?"

"अर्क टिकावा म्हणून जराशी घालतात," मी मऊ आवाजात म्हणालो.

"मी नाही घेणार."

पूर्वीचा मी असतो तर छप्पर उडालं असतं. मी नुसता हसलो. "जशी तुझी इच्छा. मग मी घेतो. तू बघ हं, किती सोपं आहे ते." आणि तिच्यासमोर जिभेवर थेंब टाकले. ही माझ्याकडे बघत राहिली. दुपारी घेतले. संध्याकाळी घेतले. हिला धीर यावा म्हणून मी दर वेळी तिच्यासमोर उभा राहून घ्यायचो आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरायचा. मोती एका डोळ्यात होता. दुसऱ्या डोळ्यानं तिला एवढंच दिसत होतं, की नवरा दिवसाढवळ्या ब्रँडीचे थेंब मोजतो आणि गालातल्या गालात हसतो.

माझा गोडवा दिवसेंदिवस वाढत गेला. आमटीत मीठ नव्हतं, मी म्हणालो, वा. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, मी म्हणालो, थंडगार वाटलं. हिनं माझी जुनी छत्री भंगारवाल्याला देऊन टाकली, ती छत्री जिच्यावरून आमचं लग्न दोनदा मोडायला आलं होतं, आणि मी म्हणालो, "बरं केलंस." तेव्हा हिच्या हातातली बशी पडली.

"अहो, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? म्हणजे, मी उत्तम आहे."

"डॉक्टर काय म्हणाले त्या दिवशी? खरं सांगा."

"अगदी काही नाही."

आणि घरच्या यंत्रावर, जो आकडा इतके दिवस शहाण्यासारखा वागत होता, तोही चढायला लागला. मी घाबरलो. घाबरल्यामुळे अधिक गोड झालो. मी अधिक गोड झाल्यामुळे आकडा अधिक चढला. व्हॉल्व्हकाका म्हणाले, "बघा, मी म्हणालो होतो, रस्ता खणा."

उरला वाडगा. सगळी भिस्त आता त्याच्यावर. दुपारी हिला आरामखुर्चीत बसवलं, वाडगा तळहातावर धरला आणि कडेनं दांडा फिरवला. आधी काहीच नाही. मग पोटात भूक कुरकुरावी तसं काहीतरी. आणि मग एकाएकी असा नाद उठला, की काय सांगू! खिडकीच्या काचा गुणगुणू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची कवळी ग्लासातल्या पाण्यात गोल गोल पोहू लागली आणि म्हणे शेवटी ग्लासाच्या काठावर येऊन बसली. लिफ्ट कोणी न बोलावता आमच्या मजल्यावर आली, दार उघडून उभी राहिली, नाद संपेपर्यंत ऐकलं आणि निघून गेली. आत सेक्रेटरीसाहेब होते.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या इमारतीच्या कमिटीचे. ते जिन्यानं परत वर आले ते नियमावली काखेत मारूनच.

"दुपारी वाद्य वाजवायला बंदी आहे."

"हे वाद्य नाही. वाडगा आहे."

"वाडगा म्हणजे भांडं. भांडं वाजवणं हे त्रास देण्याच्या कलमाखाली येतं."

"मग वाद्य समजा."

"मग परवानगी लागेल. सगळ्या बिऱ्हाडांची ना हरकत लागेल. आजोबांची हरकत आहे. त्यांची कवळी अजून थांबलेली नाही."

पथ्यामुळे मला भांडता येईना. मी हसत म्हणालो, "साहेब, आपण म्हणाल तसं." सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदा गोंधळले. त्यांना असल्या उत्तराची सवय नव्हती. त्यांनी सरळ कमिटी बोलावली, आमच्याच दिवाणखान्यात. सभासदांनी वाडगा हातोहात फिरवला. एकानं डोक्यावर घालून पाहिला. वस्तू मुळात काय आहे हे ठरल्याशिवाय कुठलं कलम लावायचं ते ठरेना. अखेर सेक्रेटरींनीच निवाडा केला: ज्यात काही उकळतं ते भांडं. उकळून बघा.

"तो उसना आहे हो," मी म्हणालो.

"उसनं भांडंही भांडंच," सेक्रेटरी म्हणाले, आणि कमिटीनं माना डोलावल्या.

पूर्वीचा मी असतो तर त्या साऱ्यांना नियमावलीसकट उकळलं असतं. पण हिचा चेहरा समोर होता. मी मऊ हसलो आणि वाडगा गॅसवर ठेवला. पाणी उकळलं. त्याचा चहाही झाला. कमिटीनं तो घेतला आणि एकमतानं ठराव केला, की हे भांडं असून चहा थोडा धातूसारखा लागतो. मी गार झालेल्या वाडग्यावर दांडा फिरवला. आतून पडसं झालेल्या बदकासारखा आवाज आला. तळाला केसाएवढी चीर गेली होती.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवऱ्यानं आता तरी एखादी शिवी हासडावी म्हणून ती जीव मुठीत धरून वाट बघत होती, हे मला आज कळतं. मी म्हणालो, "असू दे. वस्तू आहे, फुटायचीच." हिनं दाराची चौकट धरली.

रविवारी हिनं मला हाक मारून कपाटापाशी नेलं. "इकडे बघा. उजवीकडे तुमचे मोजे. हिवाळ्याचे खाली. विजेचं बिल आलं की पहिल्यांदा चष्मा लावून बघायचं, नाहीतर शेजाऱ्यांचं भराल. गॅस दोन्हीकडून बंद करायचा. माझ्या बहिणीशी भांडू नका."

"हे आत्ता कशाला सांगतेस?"

"असंच. हवापाण्याचं."

आणि वळून रफूचा डबा झाकून वर ठेवला, अगदी वरच्या फळीवर, जिथे आम्ही पुन्हा न लागणाऱ्या वस्तू ठेवतो. माझ्या घशातलं हृदय तिथून आणखी वर सरकलं. तरी मी हसत होतो! दोन्ही गाल दुखत होते. वाटत होतं, ओरडावं, हा डबा खाली काढ म्हणून ओरडावं. पण पथ्य. सोमवारपर्यंत.

सोमवार उजाडला. हॉस्पिटलात हिला हिरवा झगा घातला. झग्यात ही अगदी एवढीशी दिसायला लागली. नर्सनं पट्टा गुंडाळला. यंत्र फुसफुसलं. नर्सनं डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी आकड्याकडे, मी जमिनीकडे.

"पाच मिनिटांनी पुन्हा घेऊ," डॉक्टर म्हणाले. "पण काका, असंच राहिलं तर..." आणि मान हलवली.

मी हिच्या खाटेशी गेलो. हात हातात घेतला. जेवढा मऊ काढता येईल तेवढा मऊ आवाज काढून म्हणालो, "काही काळजी करू नकोस, राणी."

बस्स. ही ताडकन उठून बसली.

"राणी? जन्मात कधी राणी म्हणालात? खरं सांगा, किती दिवस उरलेत माझे?"

"कसले दिवस?"

"डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन काय सांगितलं? तेव्हापासून तुम्ही हसताय! ब्रँडी पिताय! छत्री दिली तरी बरं केलंस म्हणालात! मरणाऱ्या माणसाशी बोलतात तसं बोलताय माझ्याशी आठवडाभर! मी काय आंधळी आहे?"

"अर्धी आहेसच!" मी ओरडलो.

ओरडलो म्हणजे काय, आठवडाभराचं तुंबलेलं एकदम बाहेर आलं. "अर्धी आंधळी आणि पूर्ण बावळट! काय मरतेयस? मोती काढायचाय नुसता! तुझं प्रेशर उतरावं म्हणून जिभेला गाठ मारून हिंडतोय मी! आळणी आमटी प्यालो! लोकांनी माझ्या दिवाणखान्यात बसून वाडग्यात चहा उकळला, मी ब्र काढला नाही! आणि ती छत्री! कोणाला विचारून दिलीस ती छत्री?"

"तिच्या काड्या मोडल्या होत्या!"

"दोनच मोडल्या होत्या!"

"दोन उरल्या होत्या!"

"काका, शूऽऽ," असं म्हणत नर्स धावत आली आणि यंत्राकडे बघून जागीच थबकली. पट्टा हिच्या दंडाला तसाच होता. "डॉक्टर! डॉक्टर, इकडे या. काका, थांबू नका!"

"मी कशाला थांबतोय?"

आकडा उतरत होता. हिचे गाल लाल झाले होते, हात कमरेवर गेले होते, आणि आकडा एक-एक पायरी उतरत खाली चालला होता. डॉक्टरांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा मोजलं. यंत्र बदलून आणलं. "नॉर्मल," ते म्हणाले, आणि मग घाईघाईनं, "चला, आत घ्या! काका, तुम्ही बरोबर चालत राहा. छत्रीसारखं आणखी काही असेल तर तेही काढा."

ढकलखाटेबरोबर मी भांडत निघालो. ऑपरेशनच्या खोलीचं दार आलं. "इथून पुढे नाही येता येणार," डॉक्टर म्हणाले. "भूल फक्त डोळ्याला द्यायचीय, कान उघडे राहणार. दार जरा किलकिलं ठेवतो. त्यांनी बोलायचं नाही, हलायचं नाही. तुम्ही बाहेरून चालू ठेवा."

मंडळी, एकतर्फी भांडण ही फार अवघड कला आहे. समोरून काही येत नसताना पेटत राहायचं! मी लग्नापासून सुरुवात केली. चुकीच्या रंगाचे पडदे काढले. मेहुण्यानं नेलेली शिडी काढली. स्टेशनवर तिनं मला चुकीच्या गाडीत बसवलं ते काढलं; मीच बसलो होतो, पण आत्ता कोण विचारतंय? डॉक्टर आतून मधूनमधून "छान, छान" म्हणत होते, ते डोळ्याला की मला, देव जाणे. माझा घसा बसत चालला. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आपापल्या घरची भांडणं पुरवायला लागले. एका आजींनी त्यांच्या नवऱ्यानं हरवलेली किल्ली दिली, एकानं सासऱ्याचा कुत्रा दिला. मी सगळं हिच्या माथी मारलं. आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

आणि मग संपलं. काही म्हणजे काही उरलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारातली भांडणं एका मोत्याच्या ऑपरेशनला पुरली नाहीत, याचं मला वाईट वाटलं. दाराच्या फटीतून दिव्याचा पांढरा पट्टा येत होता आणि कुठलंतरी हत्यार ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. मी दाराला टेकलो आणि तोंडातून आपसूक निघालं, हळूच, "लवकर घरी ये गं. तू नसलीस तर माझं कसं व्हायचं?"

आत धावपळ झाली. नर्स बाहेर आली.

"काका, काय बोललात? आकडा एकदम वर गेला!"

"काही नाही, काही नाही," मी घाबरून म्हणालो, आणि उरलासुरला घसा ताणून ओरडलो, "आणि तो रफूचा डबा वरच्या फळीवर कोणी ठेवायला सांगितला होता? माझा हात पोचत नाही तिथे! घरी जाऊन आधी तो खाली काढायचा, सांगून ठेवतो!"

मग डॉक्टरांचा आवाज आला, "छान."

हिला बाहेर आणलं तेव्हा डोळ्यावर पांढरी पट्टी होती. वॉर्डात ओळीनं सगळे एकडोळे. फुलांच्या बाई भेटायला आल्या होत्या. मी वाडग्याच्या चिरेबद्दल हात जोडले. त्या नेहमीसारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "वाडगा काय, दुसरा मिळेल. प्रत्येकाला आपापला नाद लागतो, एवढंच. तुमचा मी दारातून ऐकला. खालच्या रस्त्यावरूनसुद्धा ऐकू येत होता." टोमणा की कौतुक ते मी विचारलं नाही. त्या बसल्या नाहीत. 'बाटली संपवा हं,' असं मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या.

त्या गेल्यावर हिनं उघड्या डोळ्यानं मला शोधलं.

"अहो, मधेच एक वाक्य बोललात, ते नीट ऐकू आलं नाही. डॉक्टर तेव्हा नेमकं काहीतरी मागत होते."

"मी पुष्कळ वाक्यं बोललो. कुत्र्याचं?"

"नाही. आकडा चढला ते."

मी इकडे तिकडे पाहिलं. ओळीतले सगळे एकडोळे माझ्याकडे वळले होते. "लवकर घरी ये म्हणालो."

"त्याच्या पुढचं."

"पुढचं काही नव्हतं."

"होतं."

नर्स खुंटीवरचा पट्टा घेऊन आलीच. "थांबा काका, आधी बांधू दे. मग म्हणा."

पट्टा बांधला. यंत्र फुसफुसलं. मी वाकलो आणि बसलेल्या घशानं जेवढं जमलं तेवढं हिच्या कानाशी म्हणालो, "तू नसलीस तर माझं कसं व्हायचं?"

नर्स आकड्याकडे बघत राहिली.

"चढला जरासा," ती म्हणाली. "पण चालेल. एवढा चालतो."